येळवशीचा पंचनामा

मागच्या वर्षी पुण्यात वकिलांची एक परिषद होती. विषय : पर्यावरण आणि स्वच्छ ऊर्जा कायद्यातले आजचे प्रश्न. हॉटेल थंडगार, प्रत्येकापुढं पाण्याची सीलबंद बाटली. माझ्या आधी तिघं बोलले. एकानं कार्बन क्रेडिट समजावलं, दुसऱ्यानं वीजखरेदीचे करार. तिसऱ्यानं परदेशी गुंतवणूकदाराला आपल्याकडच्या जमिनीची भीती का वाटते ते सांगितलं. जमिनीवरच्या माणसाला गुंतवणूकदाराची भीती का वाटते, हा माझा विषय, त्याला दहा मिनिटं. मी उभी राहिले आणि विचारलं, "येळवस कुणाकुणाला माहीत आहे?" एक हात वर आला नाही. पहिल्या रांगेतल्या एका सुटाबुटातल्या गृहस्थानं शेजाऱ्याला विचारलं, "कोणतं कलम?"

मला इतका संताप आला की मी सातच मिनिटांत खाली बसले. तिथं जे बोलायचं राहिलं ते इथं लिहिते. इथं घंटी वाजवणारं कुणी नाही.

मी मूळची नांदेड जिल्ह्यातल्या बिलोलीची. घर बौद्ध, वडील प्राथमिक शिक्षक. लग्न होऊन लातूरला आले तेव्हा जिल्हा नुकताच वेगळा झालेला. कचेऱ्यांना रंगाचा वास होता. जुन्या जिल्ह्यातून कागदांचे गठ्ठे ट्रकनं येत होते आणि बरेच येतच नव्हते. "तो कागद जुन्या जिल्ह्यात राहिला, बाई," हे वाक्य मी वकिलीच्या पहिल्या आठवड्यात ऐकलं आणि अजून ऐकते आहे. जिल्हा म्हातारा व्हायला आला, कागद काही वाट चालून पोचेनात.

पर्यावरणाची वकील म्हटलं की लोकांना वाटतं, ही वाघबिघ वाचवत असणार. आमच्या भागात वाघ नाही. आमच्याकडं सातबारा आहे, बोअर आहे, पवनचक्की आहे आणि आता सौर प्लेटा आहेत. एकदा रेणापूरकडचे एक काका आले. रान पवनचक्कीला भाड्यानं दिलेलं. म्हणाले, "बाई, पात्याची सावली म्हशीवरून फिरती. म्हैस बिचकून राहिली, पान्हवत न्हाई. सावलीवर केस घाला." मी पोट धरून हसले. मग करार वाचला. त्यात रस्ता होता, तारा होत्या, आवाज होता, सावलीचं अक्षर नव्हतं. नोटीस धाडली आणि काय आश्चर्य, कंपनीनं गोठा हलवून दिला, वर पत्रेही नवे दिले. स्वच्छ ऊर्जेच्या प्रकरणात मी पूर्ण जिंकलेली ही एकच केस. म्हशीला न्याय मिळाला. आता माणसाचं सांगते.

बाहेरच्या वाचकासाठी आधी गायरान म्हणजे काय ते सांगायला हवं. गावच्या गुरांना चरायला सोडलेली सरकारी जमीन म्हणजे गायरान. बहुतेक ठिकाणी मुरमाड, दगडांनी भरलेली. ज्यांना गावात वीतभर रान नव्हतं अशा घरांनी, त्यात बहुतेक आमची बौद्ध घरं, ही जमीन दगड वेचून, बांध घालून पेरायला घेतली. कायद्याच्या भाषेत हे अतिक्रमण. पुढं सरकारनंच ठरवलं की अमुक तारखेच्या आधीपासून कसत असाल आणि ते सिद्ध केलंत तर जमीन नावावर करू. सिद्ध कशानं करायचं? कागदानं. कागद कुठं? जुन्या जिल्ह्यात.

चाकूरकडच्या एका गावात अशी नऊ घरं होती. गावाचं नाव लिहीत नाही, प्रकरण अजून उभं आहे. त्यांचे पुढारी किसनमामा. सातवी शिकलेले, ताठ, पांढरं धोतर आणि निळी टोपी. भाषणात दुसऱ्याला बोलू न देणारे, पण कामाला वाघ. त्यांच्या बापानं आणि त्यांनी मिळून तो माळ फोडला. नऊही घरांच्या दरखास्ती, म्हणजे जमीन नावावर करायचे अर्ज, घेऊन ते माझ्याकडं आले आणि पहिलंच वाक्य बोलले, "जयभीम बाई. भीक मागाय आलो न्हाई. मेहनतीचं नावावर पाहिजे."

त्याच सुमाराला त्या गायरानावर सौर प्रकल्प मंजूर झाला. इथं कायद्याची एक गंमत ऐका. कोळशाचा कारखाना काढायचा तर पर्यावरणाची परवानगी लागते, गावात मांडव घालून जनसुनावणी घ्यावी लागते, लोकांना चार शिव्या तरी देता येतात. सौर प्रकल्पाला त्यातलं काही लागत नाही. का? तर तो स्वच्छ. धूर निघत नाही म्हणून माणसं विचारायची नाहीत! माझं उन्हाशी भांडण नाही. माझ्या घराच्या गच्चीवर प्लेटा आहेत आणि शेतकऱ्याला दिवसा वीज मिळाली तर मला आनंदच आहे. पण हिरवा रंग फासला की खालचं रान कुणाचं हे विचारायचं नाही, हा कुठला न्याय? पाटलाच्या काळ्या रानात का नाही टाकल्या प्लेटा? तिथं भाडं द्यावं लागतं, करार करावा लागतो, पाटील कोर्टात जातो. गायरानातला माणूस कागदावर नाहीच, मग त्याला विचारणार कोण!

आता येळवस. वेळ अमावस्या, पौषाच्या तोंडाशी येते. लातूर भागात त्या दिवशी अख्खं गाव रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करायची, हिरव्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील, खीर सगळं रानात न्यायचं आणि वाटेनं जाईल त्याला हाताला धरून जेवू घालायचं. शहरातल्या माणसाला रान नसेल तर तो दुसऱ्याच्या रानात जातो, पण घरी राहत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या येळवशीला मी लातूरच्या रस्त्यावर उभी राहून नवऱ्याला विचारलं होतं, "कर्फ्यू लागलाय का?" या दिवशी जिल्ह्याला सरकारी सुट्टी असते, इतका तो दिवस मोठा. आमच्या लोकांनी त्यातले देव सोडले, जेवण सोडलं नाही. किसनमामाच्या कोपीत बाबासाहेबांचा फोटो असायचा, बाकी आंबील तीच.

प्रकल्प मंजूर झाला त्या वर्षी दुष्काळ होता. रेल्वेनं पाणी आलेला दुष्काळ सगळ्यांना आठवतो. हा त्याच्या नंतरचा. याला रेल्वे आली नाही म्हणून हा कुणाच्या ध्यानात नाही. खरीप करपलं, रब्बी पेरलंच गेलं नाही. पाटलाचं रान उघडं, मामाचंही उघडं. पण रान करपलं म्हणून येळवस चुकते का? मामीनं विकतचे हरभरे आणले, ताक भावकीतून गोळा केलं आणि ढेकळांत कोप उभी केली.

दुपारी मोटारसायकलवर तलाठी आले. तलाठी म्हणजे गावच्या जमिनीचा सरकारी हिशेब ठेवणारा माणूस. मोठ्या घरचे. मामांनी "या सायब" म्हणत घोंगडी अंथरली. साहेब बसले, जेवले, आंबील मागून घेतली. हात पुसून त्यांनी पिशवीतून कागद काढला. "किसनराव, पंच म्हणून सही लागती. तुम्ही आणि तुमचे चुलतभाऊ. मजकूर हापिसात लिहितो."

पंचनामा म्हणजे दोन प्रतिष्ठित माणसांसमोर जागेची पाहणी करून जे दिसलं ते लिहून काढणं. निदान पुस्तकात तसं आहे. गावात रीत अशी की पंच कोऱ्या कागदावर सही करतात आणि मजकूर मागून उगवतो. पाटीलही तशीच करतो, सरपंचही. आणि आमच्या वस्तीतल्या माणसाला त्या गावात आजवर कुणी पंच म्हणून बोलावलंच नव्हतं. मढं उचलायला बोलावलं, दवंडी द्यायला बोलावलं, प्रतिष्ठित म्हणून कधी नाही. त्यात समोरचा माणूस आपल्या ताटात जेवून उठलेला. येळवशीला रानात आलेल्याला 'का आलात' असं विचारत नाहीत. मामांनी झोकात सही केली आणि शाळेतल्या सवयीनं खाली तारीख टाकली. संध्याकाळी वस्तीत सांगत फिरले, "तलाठी सायब आपल्या रानात जेवले, आन् मी पंच झालो."

दोन महिन्यांनी नऊही दरखास्ती फेटाळल्या गेल्या. आधार काय, तर तो पंचनामा. 'जमीन पडीक आढळली. पीक नाही. कोणाचीही वहिवाट दिसून आली नाही. जागेवर कोणीही हजर नव्हते.' खाली पंच म्हणून किसनमामाची ठसठशीत सही.

मी तो कागद मामांना वाचून दाखवला. त्यांनी आपल्या सहीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "कोणी हजर नव्हतं? मग त्येला वाढलं कोणी?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. आणि वकिलाच्या आगीला एकच रस्ता असतो, अपील. ते चाललं एका वरच्या महसूल अधिकाऱ्यासमोर. साहेब नाशिककडचे, माणूस वाईट नव्हता, घाईत होता. मी आधी दुष्काळाचा मुद्दा घेतला. म्हटलं, "साहेब, तुमच्याच खात्यानं या गावातलं पीक बुडालं म्हणून जाहीर केलं आहे. पाटलाच्या उघड्या रानाला दुष्काळग्रस्त म्हणता आणि बांधापलीकडच्या उघड्या रानाला पडीक?" साहेब म्हणाले, "मॅडम, ते मालकीच्या जमिनीचं. गायरानात पीक नोंदलेलंच नाही, तर बुडेल कुठून?" पाहा कसं बसवलंय! नोंद नाही म्हणून पीक नाही, आणि पीक नाही म्हणून नोंद नाही.

मग मी तलाठ्यांना बोलवायची मागणी केली. ते आले. इस्त्रीचा शर्ट, नजर खिडकीबाहेर.

"पंचनामा जागेवर जाऊन केलात?"

"हो."

"सरकारी सुट्टीच्या दिवशी?"

"कामाचा ताण होता, मॅडम."

"कौतुक आहे. पंच कुठून आणलेत?"

"गावातून बोलावले."

"येळवशीला भर दुपारी तुम्हाला गावात माणूस सापडला?"

मागं बसलेले दोन कारकून फिसकन हसले. साहेबांनी वर पाहिलं, "येळवस म्हणजे?" एका कारकुनानं कानात सांगितलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

मी विचारलं, "त्या दिवशी तुम्ही जेवलात कुठं?"

"घरून डबा नेला होता."

किसनमामा ताडकन उठले. "आवं सायब, डबा कुठला? दोनदा आंबील मागून घेतली की तुमी! माझ्या बायकोनं वाढलं तुमाला!"

"मध्ये बोलू नका," साहेब म्हणाले.

"मी जेवलो नाही," तलाठी खिडकीकडं बघत म्हणाले. "त्यांच्याकडं मी कशाला जेवीन?"

कायद्यानं त्यांचं खोटं मला समजत होतं. जेवलो म्हटलं की कोप आली, कोप आली की वाढणारी आली, म्हणजे वहिवाट आली. पण ते शेवटचं वाक्य कायद्यासाठी नव्हतं. खोलीत त्यांच्या भावकीतली दोन माणसं बसली होती, ते त्यांच्यासाठी होतं. मी इतकी वर्षं कोर्टात काढली, खुनाच्या केसेस ऐकल्या, पण इतकी घाणेरडी जबानी ऐकलेली नाही. खाल्ल्या मिठाला न जागणारे पुष्कळ पाहिले, मीठ खाल्लंच नाही म्हणणारा हा पहिला.

बाहेर आल्यावर मामा जमिनीचं अक्षर बोलले नाहीत. पायरीवर बसून म्हणाले, "बाई, रान न्हाई म्हणला, ते सरकारचं काम आसंल. पर जेवलोच न्हाई म्हणला? आता तुमच्या मामीला काय सांगू?" मी काय सांगणार! मलाच शिव्या आवरत नव्हत्या.

अपील फेटाळलं गेलं. प्रकल्प लोकहिताचा, म्हणे. ती नऊ घरं लोकांत मोजत नाहीत बहुधा. मी हायकोर्टात गेले, औरंगाबादच्या खंडपीठात. तिथं फार बोलायला लागलं नाही. जिल्ह्याच्या सुट्टीचा सरकारी आदेश आणि मामांच्या सहीखालची तारीख शेजारी शेजारी ठेवली. न्यायमूर्तींनी सरकारी वकिलाला विचारलं, "तुमचा तलाठी सुट्टीच्या दिवशी काम करतो?" पंचनामा रद्द झाला. अर्जदारांसमोर नव्यानं पाहणी करा, तोवर जागा जैसे थे ठेवा, असा आदेश झाला.

आम्ही पेढे वाटले. वाटायला नको होते. कारण तोवर मामांच्या रानात प्लेटा उभ्या राहिल्या होत्या. जैसे थे म्हणजे काय, तर त्या तशाच राहणार. कोर्ट येईपर्यंत ज्याचं बूड टेकलं त्याचं रान! आणि नव्या पाहणीला तारीख मिळेना. मी अर्जावर अर्ज करत राहिले.

मधल्या काळात कळलं की मामांचा मुलगा मिलिंद सौर प्रकल्पाच्या कंपनीत कामाला लागला आहे. तिशीतला गडी, दोन मुली चाकूरच्या शाळेत. काम काय, तर प्लेटा धुणं. धूळ बसली की वीज कमी होते म्हणून पाण्याच्या फवाऱ्यानं प्लेटा धुवायच्या. कंपनीनं आवारात बोअर पाडलं होतं. वस्तीतल्या बाया टँकरच्या वाटेकडं डोळे लावून बसायच्या आणि कुंपणाच्या आत काचा आंघोळ करायच्या. त्या बोअरवर मी वेगळा अर्ज केला. टंचाईत पिण्याच्या पाण्याच्या विहिरीजवळचं बोअर बंद करता येतं, असा कायदा आहे. उत्तर आलं की स्वच्छता ही प्रकल्पाची तांत्रिक गरज आहे. माणसाची तहान तांत्रिक नसते ना.

मिलिंदचं कळल्यावर मी मामांना फोन करून भडकले. "मामा, आपण ज्यांच्याशी भांडतोय त्यांचीच चाकरी? उद्या ते त्यालाच पुरावा करतील!"

मामा शांतपणे म्हणाले, "बाई, तुमी लढा. चूल मी पेटवून राहिलो." फोन ठेवल्यावरही माझा राग गेला नाही, पण तो मिलिंदवरचा राहिला नाही.

अखेर पाहणी झाली. मंडळ अधिकारी आले, म्हणजे तलाठ्यावरचा साहेब. तलाठी आता नवीन होत्या, पहिलीच नेमणूक असलेली मुलगी. कंपनीचे अधिकारी, मी, मामा आणि नऊ घरांची माणसं. ऊन असं की प्लेटांकडं बघवेना. मामा वाकून प्लेटांखालचे बांध दाखवत होते. "ही ताल माझ्या बापानं घातली. ह्यो दगड बगा, आमी लोटलेला." मंडळ अधिकारी म्हणाले, "ते जुनं झालं. आज जागेवर कब्जा कुणाचा ते लिहायचं आहे."

"आमचा," कंपनीचे अधिकारी म्हणाले. "हे आमचे पॅनेल, हा आमचा कामगार." त्यांनी बोट दाखवलं. दोन रांगा सोडून मिलिंद नारिंगी जाकीट घालून फवारा मारत होता.

मी ज्याला भीत होते तेच. मंडळ अधिकाऱ्यांनी हाक मारली, "काय रे, इकडं ये. तू कुणाचा माणूस?"

वकिलाला अशा वेळी तोंड उघडता येत नाही. साक्षीदाराच्या तोंडात शब्द घातला की तो शब्द मेला. मामांनी मान फिरवली, लेकाकडं बघितलंसुद्धा नाही. बापाच्या नजरेचं ओझं नको म्हणून असेल. मिलिंदला 'कंपनीचा' म्हणणं सोपं होतं. महिन्याचा पगार, मुलींच्या फिया, सगळं त्या एका शब्दात होतं.

त्यानं आधी जाऊन पाणी बंद केलं. मग जाकीट काढून प्लेटेवर ठेवलं आणि आमच्यासमोर येऊन उभा राहिला.

"पगार कंपनी देती सायब. रान आमचं हाय. मी ह्या किसनरावचा पोरगा. शाळेत जायच्या आधी हितले दगडं वेचलेत मी. लिहा."

"विचार करून बोल," कंपनीचे अधिकारी म्हणाले.

"करूनच बोललो."

मंडळ अधिकारी घुटमळले. "एवढं सगळं लिहायची गरज नाही," असं काहीसं पुटपुटले. त्या नव्या तलाठी मुलीनं मान वर न करता विचारलं, "पूर्ण नाव सांगा." आणि लिहून घेतलं. 'जागेवर मिलिंद किसन हे इसम हजर. सदर जमीन वडिलोपार्जित वहिवाटीची असल्याचे सांगतात.' मामांनी सगळा कागद मोठ्यानं वाचून घेतला आणि मगच सह्या होऊ दिल्या. कंपनीच्या अधिकाऱ्यांनाही सही करावी लागली, तेही तिथं हजर होते ना.

मिलिंदचं काम त्याच संध्याकाळी गेलं. जाकीटसुद्धा मागून घेतलं. आता तो लातूरच्या मार्केट यार्डात पोती उचलतो. मुली चाकूरच्या शाळेतून काढून गावातल्या शाळेत घातल्या. केस चालू आहे. कंपनी म्हणते, तो काढून टाकलेला नोकर, खुन्नस म्हणून बोलला. प्लेटा त्याच्या आजोबांच्या बांधावर उभ्या आहेत आणि पुण्यातल्या हॉटेलात त्या विजेला स्वच्छ म्हणतात.

तारीख लागली की मिलिंदचा फोन येतो. "बाई, येऊ का? का गरज न्हाई?" एका दिवसाची हमाली बुडते म्हणून विचारतो बिचारा. वकील म्हणून खरं सांगायचं तर गरज नसते. तिथं कागदच बोलतात. मी तरी म्हणते, "ये. पुढच्या बाकावर बस. जागेवर माणूस होता, हे त्यांना दिसू दे."

तो येतो. हमालीचेच कपडे असतात अंगावर. पुढच्या बाकावर बसतो आणि त्याचं नाव पुकारलं जात नाही तरी पूर्ण वेळ ताठ बसून राहतो.